बिनतारी माऊस-कीबोर्ड: घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात ओळख निघताना एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखालचे. राजूर घाट उतरला की हवा बदलते. एप्रिल-मे महिन्यांत घाटावरचा माणूस पंख्यावर भागवतो, तर घाटाखाली सकाळी दहापासूनच कूलर सुरू होतो. कॉम्प्युटरच्या पुस्तकात हे कशाला, असे वाटेल. पण बिनतारी माऊस आणि कीबोर्ड यांच्या खोक्यात येणारी माहितीपत्रिका परदेशातल्या वातानुकूलित ऑफिससाठी लिहिलेली असते. कापसाचे तंतू, टेबलावरची काच, लोखंडी कपाट आणि कूलरचे खारे पाणी हे शब्द तिच्यात नसतात. आपल्याकडे बिघाड होतो तो मात्र याच चौघांमुळे.

"भाऊ, माऊस मरून गेला वाटते," असे म्हणत गिऱ्हाईक दुकानात येते आणि नवा घेऊन जाते. जुना बहुतेक वेळा मेलेला नसतो. त्याला वीज मिळत नसते, त्याचा निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचत नसतो, किंवा त्याला खालचे दिसत नसते. आधी या तिन्हींपैकी काय झाले ते ओळखावे, मग पैसे खर्च करावेत.

जोडणीपासून सुरुवात करू. बाजारात दोन जाती मिळतात. एकीसोबत नखाएवढा रिसिव्हर येतो. आपल्याकडे त्याला सगळे डोंगलच म्हणतात. तो यूएसबी पोर्टमध्ये खोचला, माऊसमध्ये सेल घातला, पोटावरचे बटण 'ऑन' केले की काही सेकंदांत विंडोज त्याला ओळखते. वेगळी सीडी किंवा ड्रायव्हर लागत नाही. दुसरी जात ब्लूटूथची. तिच्यात माऊसचे जोडणीचे बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे, मग कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडून 'अॅड डिव्हाइस' म्हणायचे आणि यादीत नाव आले की त्यावर टिचकी मारायची. कीबोर्ड असेल तर बऱ्याचदा पडद्यावर काही आकडे येतात. ते नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचे असते. अनेक जण आकडे नुसते बघत बसतात आणि जोडणी फसते. हे आकडे उगाच विचारलेले नसतात. समोरचा कीबोर्ड तुमच्याच हातात आहे, शेजारच्या दुकानातला नाही, याची कॉम्प्युटर त्यातून खात्री करून घेतो.

खरेदीआधी एक गोष्ट तपासा. सेवा केंद्रांतल्या आणि शाळांतल्या जुन्या डेस्कटॉपना बऱ्याचदा ब्लूटूथच नसते. शिवाय विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर, म्हणजे बायोसचा पासवर्ड मागितला जातो तिथे, ब्लूटूथचा कीबोर्ड साधारणपणे चालत नाही, डोंगलचा चालतो. म्हणून डेस्कटॉपला डोंगलचा आणि लॅपटॉप, टॅब किंवा फोनला ब्लूटूथचा कीबोर्ड, हा हिशेब सरसकट बरा पडतो.

आता निरोपाकडे वळू. डोंगल असो की ब्लूटूथ, दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. आपल्या देशात हवेतल्या लहरींवर पूर्वी सरकारचा कडक पहारा असे. १९३३ च्या बिनतारी कायद्याने साधने बाळगण्यावर परवाना घातला. घरी रेडिओ ऐकायचा तरी पोस्टातून लायसन्स काढावे लागे, हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. म्हणून आज लोणारच्या जनरल स्टोअरमधून माऊस घेताना कुणी परवाना मागत नाही. पण परवाना नाही म्हणजे गर्दी आली. वाय-फायचा राउटर, सगळ्यांच्या खिशातले फोन, ब्लूटूथचे स्पीकर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे याच पट्ट्यात धुडगूस घालतात.

या गर्दीतून निरोप पोचतो, कारण साधने एका जागी थांबत नाहीत. जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ हा पट्टा ७९ वाटांत विभागते आणि सेकंदाला १६०० वेळा वाट बदलते. नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमध्ये ४० वाटा असतात. एखादी वाट गजबजलेली दिसली की ती टाळली जाते. वाटा बदलत बोलण्याच्या एका युक्तीचे अमेरिकन पेटंट १९४२ साली हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीला आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला मिळाले होते. शत्रूला पाणतीराचा रेडिओ-इशारा बिघडवता येऊ नये, म्हणून त्यांनी ती शोधली होती. आरमाराने तेव्हा ती वापरली नाही.

इतके असूनही माऊस अडखळतो. सेवा केंद्रातले एक टेबल पाहा. लोखंडी टेबल, त्याच्या खालच्या कप्प्यात कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, मागे भिंत, बाजूला फायलींचे लोखंडी कपाट. डोंगल खोचलेले असते डब्याच्या मागच्या बाजूला, कारण पुढचे पोर्ट अंगठ्याच्या यंत्राने आणि स्कॅनरने अडवलेले असतात. म्हणजे माऊस आणि डोंगल यांत अंतर हातभर, पण मध्ये दोन-तीन पत्रे. खोक्यावर लिहिलेले दहा मीटर मोकळ्या जागेतले असतात. पत्रा लहरी परतवतो आणि माणसाचे अंग त्या शोषते. लोकवर्गणीतून डिजिटल झालेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी कीबोर्ड घेऊन शेवटच्या बाकापर्यंत जातात. रिकाम्या वर्गात तो तिथून चालतो, भरलेल्या वर्गात अडतो, ते याचमुळे.

त्याहून लबाड शेजारी म्हणजे यूएसबी ३.० चे पोर्ट, ज्याची जीभ बहुतेक वेळा निळी असते. त्यातून वेगाने डेटा जाताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो. इंटेल कंपनीने २०१२ साली यावर अहवालच काढला आणि बिनतारी माऊसचे उदाहरण घेऊन तो गोंगाट दाखवून दिला. व्यवहारात ते असे दिसते: एरवी माऊस ठीक चालतो, पण शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क लावून फोटो कॉपी करायला घेतले की बाण उड्या मारायला लागतो. गिऱ्हाईक म्हणते व्हायरस आला. व्हायरस वगैरे काही नसतो. डोंगल काळ्या जिभेच्या पोर्टात लावा. तेवढ्याने भागले नाही तर हातभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन डोंगल टेबलावर, माऊसच्या नजरेसमोर आणून ठेवा. या जिल्ह्यातल्या ऑफिसांत बिनतारी माऊसवर करावा असा एकच खर्च मला सुचवायचा झाला, तर तो ही एक्स्टेंशन वायर. बिनतारी माऊसला वायर कशाला, असे लोक हसतात. हसू द्यावे.

निरोप हरवल्याची कीबोर्डची खूण वेगळी असते. तुम्ही 'क' एकदाच दाबता आणि पडद्यावर 'कककककक' अशी रांग लागते. कीबोर्ड दोन निरोप पाठवतो: बटण दाबले आणि बटण सोडले. दुसरा वाटेत गळाला की कॉम्प्युटरला वाटते, बोट अजून दाबलेलेच आहे. बटण अडकले समजून लोक ते उचकटून काढतात. त्याआधी सेल बदला आणि डोंगल जवळ आणा.

मराठी टायपिंगवाल्यांची एक शंका इथेच मिटवू. बिनतारी कीबोर्डवर बहुधा इंग्रजी अक्षरेच छापलेली असतात, मग मराठी चालेल का? चालेल. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. कुठल्या जागेचे बटण दाबले एवढाच आकडा पाठवतो. त्याचे अक्षर कॉम्प्युटर करतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर हात बसलेला माणूस इंग्रजी डीच्या बटणावर 'क' काढतो आणि इनस्क्रिप्ट शिकलेला केच्या बटणावर. दोघांना एकच कीबोर्ड पुरतो, बदलते ती विंडोजमधली मांडणी. ज्यांना अक्षरे बघून टाइप करायचे आहे, त्यांच्यासाठी मराठीची चिकटपट्टी मिळते.

वीज हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. नव्या माऊसच्या सेलपाशी पारदर्शक पट्टी असते. ती ओढून काढली नाही तर माऊस जन्मतःच मेलेला. सेल संपत आला की माऊस एकदम बंद पडत नाही. आधी बाण चालताना ठेचकाळतो आणि थोडा वेळ हात काढून पुन्हा हलवला की उशिराने जागा होतो. कीबोर्डचा सेल माऊसच्या सेलपेक्षा खूप जास्त टिकतो, कारण कीबोर्ड बटण दाबले तेव्हाच बोलतो. माऊसला मात्र दिवा लावून सतत फोटो काढावे लागतात.

किराणा दुकानात घड्याळासाठी म्हणून मिळणारा स्वस्त सेल कार्बन-झिंकचा असतो. घड्याळाला तो पुरतो. माऊसमध्ये अल्कलाइन घालावा. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेलही चालतात. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, म्हणून काही माऊस भरलेला सेलही अर्धा दाखवतात. त्याकडे लक्ष देऊ नये. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना घातला की जुना आधी रिकामा होतो आणि तोच गळतो.

गळलेल्या सेलचा कप्पा उघडून पाहिला आहे का? स्प्रिंगवर पांढरी, भुरभुरीत बुरशी दिसते. तिच्याखाली धातू हिरवट झालेला असतो. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते, आणि ते क्षार असल्यामुळे आम्लाने उतरते. कानकोरण्याच्या कापसावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन थेंबाने पुसावे, मग कोरड्या कापसाने, मग दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बोटाला चिकटले तर हात धुवा, डोळा चोळू नका. स्प्रिंग पुन्हा चकाकली की दहापैकी बरेच माऊस तिथेच उठून बसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद करताना सेल काढून ठेवावेत, हे यावरून उमजेल. घाटाखालच्या पत्र्याच्या खोलीत मे महिनाभर सेल आत राहिला तर जूनमध्ये कप्पा बघवत नाही.

आता नजर. आजच्या बहुतेक माऊसच्या पोटात दिवा, भिंग आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. १९९९ च्या सुमाराला बाजारात आलेल्या पहिल्या पिढीच्या अशा माऊसचा कॅमेरा जेमतेम १६ बाय १६ ठिपक्यांचा होता आणि सेकंदाला १५०० फोटो घेई. एका फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला, यावरून हालचाल मोजली जाते. खडबडीतपणाच दिसला नाही तर मोजणार काय? सरकारी ऑफिसातल्या टेबलावर जाड काच असते. तिच्याखाली कॅलेंडर, फोन नंबरांची यादी आणि गजानन महाराजांचा फोटो असतो. काच गुळगुळीत, आणि खालचे चित्र भिंगाच्या टप्प्याबाहेर. त्या काचेवर माऊस कधी चालतो, कधी नाही. पॅड नसेल तर जुन्या कॅलेंडरची मागची, न चकाकणारी बाजू काचेवर ठेवा.

मग कापूस. खामगाव आणि मलकापूर ही जुनी कापसाची गावे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की गंज्यांभोवतीच्या हवेत तंतू तरंगत असतात. जिनिंगच्या काटाघरातला किंवा बाजार समितीतला माऊस उलटा करा आणि दिव्याच्या खिडकीत तिरप्या उजेडात बघा. एखादा पांढरा तंतू भिंगाच्या तोंडाशी अडकलेला दिसेल. दिव्याच्या प्रकाशात तो इतका चमकतो की कॅमेरा टेबल सोडून त्यालाच पाहतो. तंतू माऊसबरोबर सरकतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी काहीच हललेले नसते. तुम्ही माऊस फिरवता आणि बाण जागचा हलत नाही, किंवा एकाच जागी थरथरतो. इथे सेल बदलून, डोंगल बदलून काही होत नाही. माऊस बंद करून मऊ ब्रशने किंवा चिमट्याने तंतू काढायचा. तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचा तुषार भिंगावर बसतो आणि त्यावर पुढची धूळ.

कीबोर्डमध्ये तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून बटणांखाली वाकळ तयार होते. कीबोर्ड बंद करा, उलटा धरून हलकेच थापटा, मग पेंटिंगच्या ब्रशने ओळीओळीने झाडा. बटणे काढायची झाली तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्पेसबारखाली बहुधा तारेचा दांडा असतो. तो अडकवलेला असल्यामुळे ते बटण मात्र कारणाशिवाय काढू नका.

कूलरबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा या जिल्ह्यातल्या घाटाखालच्या भागातून जातो. तिथले भूजल खारे. तेच बोअरचे पाणी कूलरमध्ये पडते आणि वाऱ्याबरोबर त्याचा बारीक तुषार खोलीभर जातो. पाणी उडून जाते, मीठ राहते. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कीबोर्डवर हंगामाअखेर खरखरीत पांढरट थर बसतो, आणि हवा दमट झाली की तो ओल धरून धातूला खातो. कीबोर्ड झोताच्या बाजूला ठेवा, रात्री फडके टाका आणि आठवड्यातून एकदा किंचित ओलसर कापडाने पुसून काढा. कूलरचे पाणी शिंपडून पुसणारेही आहेत; त्यांना काय सांगावे.

एक दोष मात्र साफसफाईने जात नाही. एकदा टिचकी मारली की दोनदा लागते, फाइल निवडायला गेले तर उघडते. बटणाखालच्या छोट्या स्विचचा पत्रा झिजल्याची ही खूण. सोल्डरिंग येणारा कारागीर स्विच बदलून देतो, पण स्वस्त माऊसमागे तो खर्च परवडत नाही. तो माऊस खरोखर गेला असे समजा.

कीबोर्ड घेताना मागच्या बाजूला भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. बिनतारी कीबोर्ड २०१२ च्या आदेशानेच सक्तीच्या नोंदणीत आले आहेत. हे चिन्ह विजेच्या सुरक्षिततेचे असते, गुप्ततेचे नाही. गुप्ततेची गोष्ट वेगळी आहे. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की अनेक नामवंत कंपन्यांच्या बिनब्लूटूथ डोंगलला दूरवरून खोटी बटणे दाबल्याचा निरोप पाठवता येतो. त्याच वर्षी त्यांनी आठ कंपन्यांचे असे स्वस्त कीबोर्ड दाखवले, जे प्रत्येक अक्षर उघड्यावर, कसलेही कुलूप न लावता हवेत सोडत होते. घरी गाणी लावायला असा कीबोर्ड चालून जाईल. पण ज्या टेबलावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि पासवर्ड टाइप होतात, त्या सेवा केंद्रात तारेचा कीबोर्डच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनतारी घ्यायचाच तर 'एईएस' पद्धतीने निरोप कुलूपबंद करणारा किंवा ब्लूटूथचा घ्या. टायपिंगच्या परीक्षेची तयारीही तारेवरच करावी. भर वेगात एक अक्षर गळाले तरी गुण जातात.

शेवटी डोंगल. स्वस्त माऊसची आणि त्याच्या डोंगलची जोडी कारखान्यातच लागलेली असते. डोंगल हरवले तर दुसऱ्या माऊसचे त्याला चालत नाही. काही कंपन्यांचे डोंगल सुटे मिळते आणि सॉफ्टवेअरने जोडता येते. लॉजिटेकच्या २००९ पासूनच्या युनिफाइंग डोंगलवर तर सहा साधने बसतात. पण शंभर-दोनशे रुपये वाचवून घेतलेल्या माऊसला ही सोय नसते. म्हणून लॅपटॉप पिशवीत टाकण्याआधी डोंगल काढून माऊसच्या पोटातल्या खाचेत ठेवा. बहुतेक माऊसमध्ये ती खाच असते, सेलच्या झाकणाखाली. संपलेले सेल चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा डबीत साठवून दुकानदाराला विचारा. आणि तारेचा एक साधा माऊस ड्रॉवरमध्ये कायम असू द्या. ब्लूटूथच्या माऊसची जोडणी तुटली तर तो पुन्हा जोडायला सेटिंग्जमध्ये जावे लागते, आणि तिथपर्यंत जायलाही बहुतेकांना माऊसच लागतो.